उत्तर कोणी द्यावयाचे?

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. खानदेशातील पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास जातो, पैसा आणि वर्षे घालवून परीक्षेतले अपयश घेऊन गावी परततो. टीकाकारांनी या कादंबरीच्या भाषेविषयी पुष्कळ लिहिले. मी पडलो दिघोरीचा शाळामास्तर, शिकलेला मॅट्रिकपर्यंत. माझे लक्ष तिच्यातील हिशेबाकडे जाते.

वडिलांना मुलाकडून पैशाचा हिशेब हवा असतो. तो त्यांचा हक्कच. पण त्या वर्षांत तुम्ही याला काय दिलेत, असे कॉलेजाला कोणी विचारीत नाही. नापासाचा शिक्का एकट्या पोराच्या कपाळी! नेमाड्यांनी हे बोलून दाखविले नाही, म्हणूनच ते अधिक बोचते. तरी एक उणीव वाटते. पांडुरंगाच्या थट्टेत प्राध्यापक सापडतात. संस्था मात्र निसटते.

प्रत्यक्षातही ती अशीच निसटते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा घाट घातला. निकाल महिनोन्महिने रखडले. ऑक्टोबरात राज्यपालांनी, कुलपती या नात्याने, कुलगुरूंना पदावरून दूर केले. ते योग्यच झाले. पण निकालाची वाट पाहण्यात विद्यार्थ्यांचे जे दिवस गेले, ते कोणाच्या खाती मांडावयाचे?

आमच्याकडचे शेतकरी धान विकून मुलांना भंडाऱ्यास, नागपुरास धाडतात. मुलाचे उत्तर चुकले की गुण कापले जातात. विद्यापीठाचे चुकले, तर कोणाचे कापावे? 'कोसला' पुन्हा वाचावी ती हा प्रश्न मनाशी धरून.