द्रवातील लेसर-प्रक्रिया आणि पुण्याचा 1987 चा शोधनिबंध : एक चिकित्सा

प्रस्तावना :
ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांत नॅनोविज्ञान शिकविताना द्रवात बुडविलेल्या धातूवर लेसर स्पंदांचा मारा करून नॅनोकण मिळविण्याच्या पद्धतीचा परिचय करून द्यावा लागतो. या पद्धतीचे मूळ म्हणून पुणे विद्यापीठातील 1987 च्या कार्याचा निर्देश वारंवार आढळतो. तो कितपत काटेकोर आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

मूळ कार्य :
पी. पी. पाटील, एस. बी. ओगले, व्ही. जी. भिडे आणि सहकाऱ्यांचा हा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'च्या 58 व्या खंडात प्रसिद्ध झाला. पाण्यातील लोखंडावर रुबी लेसरचे स्पंद टाकून अर्धस्थिर लोह-ऑक्साइड तयार करण्यात आले. तापलेल्या पृष्ठभागाची द्रवाशी अभिक्रिया होते आणि तोच द्रव त्यास क्षणार्धात थंड करतो, हे त्यातील मुख्य सूत्र.

चिकित्सा :
येथे अभ्यासाचा विषय लोखंडाचा पृष्ठभाग होता. पाण्यात उतरलेले कण नव्हेत. कलिल हेच उद्दिष्ट ठरले ते 1993 मध्ये, फोय्टिक व हेंगलाइन तसेच कॉटन यांच्या गटाच्या कार्यात. म्हणून पुण्याच्या निबंधास नॅनोकण-निर्मितीचा पहिला प्रयोग म्हणणे अतिशयोक्त ठरते. उलटपक्षी, 1993 पासूनच इतिहास मांडणे हेही अन्यायाचे आहे. द्रव हे केवळ पात्रातील माध्यम नसून अभिक्रियेतील भागीदार आहे, हा विचार पुण्याचाच. पाण्यात सोने सोनेच राहते, जस्तापासून मात्र झिंक ऑक्साइड मिळते. हा भेद त्याच विचाराने उलगडतो. ओगले व सहकाऱ्यांनी 1992 मध्ये बेंझिनमधील ग्रॅफाइटपासून हिऱ्याचे कण मिळविल्याचे प्रसिद्ध केले, तेही याच दिशेचे पाऊल होते.

निष्कर्ष :
गौरव आणि विस्मरण या दोन्ही चुकांचे मूळ एकच : मूळ निबंध न वाचता आढावा-लेखांतील संदर्भ उतरवून घेणे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत हीच सवय उतरली, तर दोष अध्यापकांकडेही येतो. पुणेकर संशोधकांचे श्रेय तत्त्वाचे आहे. ते कणांच्या नावे मांडल्याने वाढत नाही, उलट संदिग्ध होते. उच्च शक्तीचा स्पंद-लेसर प्रत्येक महाविद्यालयास परवडणार नाही. तथापि हा निबंध वर्गात विद्यार्थ्यांसह ओळीने वाचणे कोणत्याही विभागास शक्य आहे.