‘पुढे’ म्हणजे नेमकं किती पुढे?

धावण्याचं अ‍ॅप हा विषय प्रस्तावासाठी घ्यावा असं अनेकांना वाटतं. कल्पना सोपी आहे : आज पळालात ती धाव जीपीएसने नोंदवायची आणि उद्या त्या नोंदीशीच शर्यत लावायची. गेममध्ये अशा नोंदीला ‘घोस्ट’ म्हणतात. १९९२ च्या ‘सुपर मारिओ कार्ट’मध्येही तो होता. मग यात संशोधन करण्यासारखं काय उरलं? माझ्या मते एक शब्द उरला, ‘पुढे’. घोस्ट तुमच्या पुढे आहे हे अ‍ॅप कशावरून ठरवतं?

पौडहून ताम्हिणीकडे जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत चुकतो. इथे चूक दोनदा होते : कालच्या नोंदीत आणि आजच्या धावेत. दोन्ही चुका स्वतंत्र धरल्या तर एकत्रित चूक १० नव्हे, सुमारे ७ मीटर येते (वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ). किलोमीटरला ६ मिनिटं या वेगाने ७ मीटर म्हणजे अडीच सेकंद. त्यामुळे ‘तुम्ही २ सेकंदांनी हरलात’ या वाक्याला तसा काही अर्थच राहत नाही. आणि हा हिशोब मोकळ्या आकाशाचा. घाटात डोंगर आणि झाडी आकाश झाकतात, तिथे चूक आणखी वाढते.

बरं, नुसतं नोंदवलेलं एकूण अंतर ताडून पाहिलं तर? तेही फसवं आहे. जीपीएसचे बिंदू थोडे इकडेतिकडे सांडतात, त्यामुळे जोडलेली रेषा नागमोडी होते आणि सरासरीने खऱ्यापेक्षा लांब भरते. रानाखर आणि सहकाऱ्यांनी २०१६ च्या लेखात हे गणिताने दाखवलंय. उलट, बिंदू फार विरळ घेतले तर वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं.

मग ‘सगळ्यात जवळचा बिंदू’ शोधायचा? घाटातल्या तीव्र वळणावर वरचा आणि खालचा रस्ता अगदी शेजारी येतात. अ‍ॅपने चुकून वरचा रस्ता धरला की धावणारी व्यक्ती एका क्षणात बरीच पुढे गेलेली दिसते. न्यूसन आणि क्रम यांच्या २००९ च्या पद्धतीचा इथे उपयोग होतो. प्रत्येक बिंदू सुटा न बघता, आधीच्या जागेवरून इथवर येणं शक्य होतं का, हेही ती तपासते.

आता माझा मुख्य आक्षेप. अशा प्रस्तावात प्रेरणा वाढते याचा आधार म्हणून फ्लॉइड म्युलर यांचं ‘जॉगिंग ओव्हर अ डिस्टन्स’ हे काम सहज देता येईल. काम उत्तमच आहे. दोन दूरच्या शहरांत दोघं एकाच वेळी धावतात, बोलतात, आणि जोडीदाराचा आवाज पुढून किंवा मागून ऐकू येतो. तिथे ‘पुढे’चा अर्थ स्पष्ट ठरवलेला आहे : अंतर नाही, तर स्वतःच्या ठरवलेल्या हृदयगतीच्या मानाने कोण जास्त कष्ट घेतंय. पण तो जोडीदार जिवंत आहे, उत्तर देतो, तुम्ही दमलात हे त्याला कळतं. घोस्टला काहीच कळत नाही. म्हणून तिथला निष्कर्ष उचलून इथे चिकटवता येत नाही. साहित्य-आढावा लिहिताना नेमकी इथेच गफलत होते बघा.

हे फक्त मार्कांपुरतं नाही. पावसाळ्यात ताम्हिणीत धुकं असतं, रस्ता ओला असतो, सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग असते. अशा उतारावर ‘मागे पडलात’ हा खोटा इशारा कुणाला तरी जोरात पळायला लावेल.

तेव्हा कोडला हात लावण्याआधी प्रस्तावात दोन ओळी लिहा : ‘पुढे’ आपण कशाने मोजणार आणि त्यात चूक किती. फरक चुकीपेक्षा कमी असेल तेव्हा स्क्रीनवर सरळ ‘बरोबरी’ दाखवा. ‘बरोबरी’ बघून लोक वेगळं धावतात का, हा प्रश्न मात्र खरंच संशोधनाचा आहे.