कुष्ठरोग आणि कायदा : टिटागढचे उदाहरण

बराकपूर उपविभागातील टिटागढला रेल्वेमार्गालगत ‘गांधीजी प्रेम निवास’ आहे. मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या भगिनींच्या निळ्या काठाच्या साड्या तेथे कुष्ठमुक्त माणसे मागावर विणतात. कौतुक जरूर करा, पण ही माणसे बरी होऊनही वसाहतीतच का राहिली, हेही विचारा. (आपल्या आनंदवनाबाबतही विचारावे.) बहुविध औषधोपचार १९८०च्या दशकात आला, निराधार रुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८चा कायदा मात्र २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात होते. शासनाने २००५ मध्ये ‘निर्मूलन’ जाहीर केले, ते दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण या हिशेबाने. बोटे गमावलेला, पण बरा झालेला विणकर त्या हिशेबात येतच नाही.