‘औषधवितरण’ आणि काचबिंदू : एका परिभाषेची चिकित्सा

एखादी शास्त्रीय संज्ञा कितपत योग्य आहे, हे ती वाचून वाचक काय समजतो व पुढे काय करतो यावरून ठरवावे लागते. काचबिंदूत डोळ्याच्या मागील भागापर्यंत औषध कसे न्यावे, हा नेत्रवैद्यकातील एक बिकट प्रश्न होय. त्याविषयीच्या मराठी लेखनातील परिभाषा मात्र या कसोटीला पुरेशी उतरत नाही.

अशा लेखनात ‘औषधवितरण’ हा शब्द सर्रास आढळतो. भद्रावतीच्या वाचकाला ‘औषध वितरण’ म्हटले की शासकीय रुग्णालयातील खिडकी आठवते. तेथे चिठ्ठी दाखवून गोळ्या मिळतात. देणारा, घेणारा आणि वाटली जाणारी वस्तू एवढाच ‘वितरण’ या शब्दाचा अर्थविस्तार आहे. वस्तू हाती पडली की वितरण पुरे झाले. नेत्रवैद्याचा प्रश्न तर औषध डोळ्यात पडल्यानंतर सुरू होतो.

बाटलीतून पडणारा थेंब साधारणपणे ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. तेवढे द्रव पापणीआड मावत नाही. काही गालावर ओघळते, काही अश्रूंच्या वाटेने नाकात उतरते. नेत्रगोलाच्या आत पोहोचणारा अंश सामान्यतः शेकडा पाचांहूनही कमी असतो. आतील जलद्रवाचा प्रवाह पुढच्या बाजूने बाहेर पडणारा असल्यामुळे मागे जाऊ पाहणाऱ्या औषधाला तो प्रतिकूलच ठरतो. पोटात घेतलेल्या औषधाला रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामधील पेशींची भिंत अडवते. सुईने काचाभ द्रवात औषध सोडता येते. परंतु दीर्घकाळ चालणाऱ्या रोगात वारंवार सुई टोचणे गैरसोयीचे, आणि त्यात जंतुसंसर्गाचा धोकाही असतो.

ही अडचण सांगण्यास मराठीत शब्द नाहीत असे मुळीच नाही. कुंभारकामाची परंपरा असलेल्या भद्रावतीत माठ आणि चिनीमातीची बरणी यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. माठ पाझरतो, झिलई दिलेली बरणी पाझरत नाही. डोळ्यापुढील पारदर्शक पटलाचा बाह्य थर पुष्कळसा झिलईसारखा आहे. डोळ्याचा पांढरा भाग, म्हणजे श्वेतपटल, मोठ्या रेणूंनाही तुलनेने अधिक वाट देतो. मात्र त्यामागील रक्तवाहिन्यांचे जाळे त्यांतील बरेचसे औषध वाहून नेते. दीर्घकाळ थोडेथोडे औषध सोडणाऱ्या योजनेला ‘निरंतर मोचन’ म्हणण्यापेक्षा ‘पाझर’ म्हणणे अधिक अन्वर्थक ठरेल. अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळालेली बायमॅटोप्रोस्टची विरघळणारी सूक्ष्म कांडी अशाच पाझराचे उदाहरण होय. तीही डोळ्याच्या पुढील कप्प्यात ठेवली जाते आणि दाब कमी करते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

रोगाच्या नावानेही घोटाळ्यात भर घातली आहे. ‘मोतीबिंदू’ आणि ‘काचबिंदू’ हे शब्द एकाच साच्यात ओतलेले असल्यामुळे रोगही सजातीय वाटतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘काच’ ही संज्ञा तिमिर व लिंगनाश यांच्या संदर्भात येते. म्हणजे शब्द जुना, पण आज तो ज्या रोगाला लावला जातो त्याची कल्पना वेगळी. शिवाय ‘काचाभ द्रव’ या संज्ञेत पुन्हा ‘काच’ आल्याने हा रोग त्या द्रवाचा असावा असाही समज होऊ शकतो. मोतीबिंदू ‘पिकू’ देण्याची जुनी समजूत काचबिंदूला लावली तर परिणाम भयंकर होतो. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूत दृष्टिमज्जातंतूचे तंतू मरतात. ते पुन्हा उगवत नाहीत.

तथापि या लेखनातील सर्वांत गंभीर दोष शब्दनिवडीचा नाही, तर अर्धवट विधानाचा आहे. ‘थेंब डोळ्याच्या मागील भागापर्यंत पोहोचत नाहीत’ हे वाक्य सत्य आहे. परंतु ते एकटेच छापले, तर रोज रात्री थेंब घालणारा रुग्ण त्याचा अर्थ ‘थेंब व्यर्थ आहेत’ असा घेईल. त्याला थेंबांनी दृष्टी सुधारल्याचा अनुभव येत नाही, कारण ते काम थेंबांचे नाहीच. टिमोलॉल जलद्रवाची निर्मिती घटवते, लॅटानोप्रोस्ट त्याचा निचरा वाढवते. दोहोंनी दाब उतरतो आणि मागील मज्जातंतूवरचा ताण हलका होतो. औषध पुढेच थांबते, त्याचा उपकार मागे पोहोचतो. ‘पोहोचणे’ आणि ‘उपयोगी पडणे’ या दोन क्रियांमधील हा भेद प्रत्येक लेखात स्पष्ट झाला पाहिजे.

मागे औषध पोहोचवण्याचे संशोधन म्हणजे या उपचाराला द्यावयाची जोड. दाब उतरूनही काही रुग्णांचा रोग पुढे सरकतो, काहींना तो मुळात दाब वाढलेला नसतानाच होतो. अशांसाठी मज्जातंतूचे थेट रक्षण करणारे औषध हवे आहे. पोटात घ्यावयाच्या मेमँटीनच्या मोठ्या चाचण्यांचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष निराशाजनक होते. म्हणून संशोधनाच्या वार्ता देताना क्रियापदाचा काळ सांभाळणे अगत्याचे आहे. ‘पोहोचवते’ आणि ‘पोहोचवू पाहते’ यांत अंतर आहे, आणि ‘पोहोचवते’ वाचून रुग्णाने थेंबांची बाटली बाजूला ठेवली तर त्या अंतराची किंमत त्याची दृष्टी देते.