शिट्टी कोणाच्या हाती? : अल्टिमेट फ्रिस्बी आणि शालेय शारीरिक शिक्षण

शालेय शारीरिक शिक्षणात नव्या खेळाचा समावेश करताना बहुधा साहित्य, मैदान आणि कौशल्ये यांचाच विचार होतो. या तिन्ही कसोट्यांवर अल्टिमेट फ्रिस्बीचे स्वागत होणे स्वाभाविक आहे. १७५ ग्रॅम वजनाची एक तबकडी आणि हद्द दाखविणाऱ्या काही खुणा एवढ्यावर खेळ सुरू होतो, मुले-मुली एकाच संघात खेळू शकतात आणि अंगाला अंग भिडविणे नियमबाह्य असते. मात्र सोयींच्या या यादीत खेळाचे मूळ वेगळेपण बाजूला पडते. जागतिक स्पर्धांतही हा खेळ पंचाशिवाय खेळला जातो. मग शिक्षकाच्या गळ्यातील शिट्टीचे काय करावयाचे, हा प्रश्न क्रमिक पाठांच्या आखणीत क्वचितच उपस्थित होतो.

खेळाचा जन्म या संदर्भात उद्बोधक ठरतो. १९६८ साली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील मेपलवुड येथील कोलंबिया हायस्कूलमध्ये जोएल सिल्व्हर या विद्यार्थ्याने विद्यार्थी मंडळापुढे त्याचा प्रस्ताव मांडला. तोही अर्धा थट्टेनेच. पुढे नियम लिहिले ते विद्यार्थ्यांनीच, आणि खेळ रंगला तो शाळेच्या वाहनतळावर. १९७० मध्ये शेजारच्या मिलबर्न हायस्कूलशी पहिला आंतरशालेय सामना झाला. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जागतिक फ्लाइंग डिस्क महासंघाला पूर्ण मान्यता दिली. म्हणजे खेळ शाळेतला खरा, परंतु शारीरिक शिक्षणाच्या तासातला नव्हे.

त्याच्या नियमांतील एक तरतूद अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. झेल घेताना धक्का लागला असे वाटल्यास खेळाडू स्वतःच 'फाऊल' पुकारतो. प्रतिस्पर्ध्याने ते मान्य केले तर तबकडी झेल घेणाऱ्याला मिळते. अमान्य केले तर ती आधी फेकणाऱ्याकडे परत जाते आणि खेळ एक पाऊल मागून पुन्हा सुरू होतो. येथे सत्य काय याचा निवाडा होतच नाही. मतभेद तसाच राहू देऊन पुढे जाण्याची व्यवस्था नियमातच आहे. कबड्डीत स्पर्श झाला की नाही हे पंच ठरवितो आणि तेथेच वाद संपतो. अल्टिमेटमध्ये मात्र दोन मुलांना काही क्षण एकमेकांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. फ्लिक किंवा बॅकहँड फेक शिकविणे त्या मानाने सोपे!

नेमके हेच क्षण वर्गात प्रथम गमावले जातात. तास चाळीस मिनिटांचा, विद्यार्थी साठ. वाद दिसताच शिक्षक निर्णय देऊन मोकळा होतो. त्यानंतर जे उरते तो हातचेंडूचाच एक प्रकार, फक्त चेंडूऐवजी तबकडी असलेला.

दुसरा धोका मूल्यमापनाचा. स्पर्धांत प्रत्येक संघ प्रतिस्पर्धी संघाला खिलाडूवृत्तीचे गुण देतो. नियमांचे ज्ञान, शारीरिक संपर्क टाळणे, न्यायबुद्धी, आत्मसंयम आणि संवाद असे त्याचे पाच निकष आहेत. प्रत्येकाला ० ते ४ गुण असून सामान्यपणे चांगल्या खेळाला २ गुण दिले जातात. हे गुण संघाचे असतात आणि ते समोरचे खेळाडू देतात. तीच सारणी शिक्षकाच्या हाती देऊन प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात उतरविली, तर विद्यार्थी प्रतिस्पर्ध्याशी नव्हे, शिक्षकाच्या नजरेशी प्रामाणिक राहू लागतो. शिवाय २ म्हणजे 'चांगले' हे गुणांना सरावलेल्या पालकांना पटविणे कठीणच.

अर्थात पंच नसला की न्याय आपोआप होतो, असा भाबडा समज बाळगण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतील व्यावसायिक लीगने पंच नेमले, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. शाळेत तर मोठ्या आवाजाचा मुलगा 'फाऊल' पुकारतो आणि बुजरी मुलगी खरा धक्का सोसूनही गप्प राहते. जात, लिंग आणि शरीरयष्टी यांनी आधीच ठरविलेली उतरंड मैदानाच्या रेषेपाशी थांबत नाही. या गप्प राहण्याचा विचार न करणारे स्वयंपंचत्वाचे गुणगान अपुरे आहे.

त्यामुळे शिक्षकाचे काम कमी होत नाही, ते बदलते. निर्णय न देता त्याने दोघांना 'तू काय पाहिलेस?' असे विचारावयाचे असते, न पुकारलेला धक्का हेरावयाचा असतो आणि सामना संपल्यावर दोन्ही संघांना एका वर्तुळात उभे करून ज्याने काहीच म्हटले नाही त्याला प्रथम बोलते करावयाचे असते. साठांच्या वर्गात एकाच वेळी चार लहान सामने चालू असताना एका शिक्षकाकडून हे कितपत साधेल, याचे उत्तर खेळाच्या नियमपुस्तिकेत नाही. ते शाळेच्या वेळापत्रकात आणि शिक्षकसंख्येत शोधावे लागेल.