चिठ्ठी कोणी लिहिली? : जीप चेरोकीवरील अहवालाविषयी

चार्ली मिलर आणि ख्रिस वलासेक या दोन अमेरिकन संशोधकांनी २०१५ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. जीप चेरोकी गाडीला हातही न लावता, मोबाइलच्या जाळ्यावरून तिचा ताबा कसा घेता येतो, हे त्यात टप्प्याटप्प्याने दाखवले आहे.

गडमुडशिंगीच्या शिक्षकाने हे का वाचावे? शेजारी गोकुळ शिरगावच्या फौंड्रींत वाहनांचे ओतीव भाग तयार होतात. गाडी म्हणजे लोखंड, हे इथल्या मुलांना ठाऊक असते. गाडी म्हणजे एकमेकांशी बोलणारे संगणक, हे मात्र शिकवावे लागते.

हे संगणक ज्या तारांवर बोलतात ती ‘कॅन’ ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडली. तिच्यातील संदेश म्हणजे वर्गात फिरणारी चिठ्ठी. चिठ्ठीवर विषयाचा क्रमांक असतो, लिहिणाऱ्याचे नाव नसते. दोन चिठ्ठ्या एकदम आल्या तर लहान क्रमांकाची पुढे जाते. गाडी बाहेरच्या जगाशी जोडलेली नव्हती तोवर हे चालून गेले. चेरोकीत मात्र रेडिओ-पडद्याच्या संगणकाचे एक दार मोबाइलच्या जाळ्यावर उघडे राहिले होते. त्यातून शिरून संशोधकांनी शेजारच्या चिपमधील आज्ञावली बदलली आणि तिच्याकरवी खोट्या चिठ्ठ्या पाठवल्या.

अहवालाचे मोठे बळ त्याच्या प्रामाणिकपणात आहे. ब्रेक निकामी करणे अगदी कमी वेगातच जमले, स्टिअरिंग फक्त गाडी मागे घेताना फिरवता आले, या मर्यादा लेखक लपवत नाहीत. उणीव अशी की अहवाल तंत्रातच रमतो. तीस वर्षांपूर्वीचा विश्वास नव्या परिस्थितीत कसा धोक्याचा ठरला, याकडे तो फारसा वळत नाही. वाचकाला तोच धडा सर्वांत उपयोगी आहे.

आणखी एक आक्षेप घ्यायलाच हवा. याच संशोधकांनी एका पत्रकाराची गाडी वाहत्या महामार्गावर मंदावून दाखवली. ॲक्सिलरेटर दाबूनही तिचा वेग पडत गेला. मागून येणाऱ्या ट्रकचालकाची संमती कोणी घेतली होती? धोका सिद्ध करण्यासाठी अनोळखी माणसांना धोक्यात घालणे हा प्रयोग नव्हे. मोकळ्या मैदानातही तेच सिद्ध झाले असते.

तरीही परिणाम चांगला झाला. कंपनीने सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आणि मोबाइल कंपनीने ते दार आपल्या जाळ्यावरच बंद केले. आपल्याकडेही १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या बस-टॅक्सींना ठिकाण कळवणारे उपकरण सक्तीचे झाले. ते ब्रेकशी जोडलेले असतेच असे नाही. पण ते कोणाशी बोलते आणि कोणाचे ऐकते, हे विचारायला हवे.

वर्गात मुलांना गोल बसवा. बिननावाच्या चिठ्ठ्या फिरवा आणि एकाला गुपचूप खोटी चिठ्ठी घालायला सांगा. ती कशी ओळखायची, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्या.