विन्स्लो यांचे टिळक : एका चरित्राचे वाचन

रेव्हरंड जॅक कॉप्ली विन्स्लो (१८८२–१९७४) हे नाव इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत सहसा आढळत नाही, आणि त्यात त्या इतिहासकारांनी अन्याय केला आहे असेही म्हणता येत नाही. ईटन आणि ऑक्सफर्डचे बेलिअल कॉलेज येथे शिकलेला हा अँग्लिकन धर्मोपदेशक १९१४ मध्ये एस. पी. जी. या मिशनसंस्थेतर्फे हिंदुस्थानात आला. अहमदनगर व पुणे येथे सुमारे वीस वर्षे काढून १९३४ मध्ये तो मायदेशी परतला. प्रार्थनेच्या साधनेवरील 'ख्रिश्चन योग', व्हेरिअर एल्विन यांच्या सहकार्याने लिहिलेले 'द डॉन ऑफ इंडियन फ्रीडम' (१९३१), काही उपासनागीते आणि उतारवयातील 'द आयलिड्स ऑफ द डॉन' (१९५४) हे आत्मकथन, एवढ्यावरून या लेखकाची जात कळते. गद्य स्वच्छ, मन उदार, प्रतिभा बेताची. मराठीच्या अभ्यासकाला मात्र त्यांचे एक छोटे पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही. ते म्हणजे 'बिल्डर्स ऑफ मॉडर्न इंडिया' या मालेत १९२३ साली कलकत्त्याहून निघालेले 'नारायण वामन टिळक : द ख्रिश्चन पोएट ऑफ महाराष्ट्र'.

या पुस्तकाचा विचार त्याच्या उपशीर्षकापासूनच करावा लागतो. 'महाराष्ट्राचा ख्रिस्ती कवी' या शब्दांत विशेषण नामाहून वजनदार आहे. १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेला हा कवी त्याच जिल्ह्यातील मालगुंडच्या केशवसुतांहून अवघ्या पाच वर्षांनी मोठा होता. मराठी कवितेने जुने वळण सोडून जे नवे वळण घेतले, त्याच्या आरंभी हे दोघेही कोकणपुत्र उभे आहेत. विन्स्लो यांच्या चरित्रात हा संदर्भ जवळजवळ निष्क्रिय राहतो. तेथील टिळक एका साहित्यिक पिढीचे घटक वाटत नाहीत. ते एका आध्यात्मिक प्रवासाचे प्रवासी आहेत. अस्वस्थ तरुणपण, नागपूर आणि राजनांदगाव, आगगाडीत भेटलेल्या परकीय गृहस्थाने दिलेला 'नवा करार', १० फेब्रुवारी १८९५ चा मुंबईतील बाप्तिस्मा, १९०४ ची दीक्षा, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून पत्करलेला संन्यास व 'देवाचा दरबार', आणि ९ मे १९१९ चा मृत्यू, या टप्प्यांची रांग अशी लागते की कविता हा त्या प्रवासाचा केवळ पुरावा ठरतो.

असे का व्हावे, याचे उत्तर चरित्रकाराच्या स्वतःच्या गरजेत सापडते. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगरास 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. संघाचे सदस्य खादी वापरीत, भारतीय रीतीने राहत, उपासनेतही या भूमीचे रूप शोधीत. मिशनच्या चौकटीबाहेर पडू पाहणाऱ्या या प्रयोगाला एक पूर्वज हवा होता. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणू पाहणारा 'दरबार' तो पूर्वज पुरवीत होता. संघ आणि चरित्र एका वर्षाच्या अंतराने यावेत, हा योगायोग मानणे कठीण आहे. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा आशयाचे टिळकांचे उद्गार मिशनरी लेखनात इतक्या आवडीने फिरवले गेले, त्याचेही कारण हेच. मात्र सेतू म्हटला की तो ओलांडून मागे टाकायचा असतो. टिळकांच्या अभंगांत तुकाराम मागे पडलेला नाही. तो छंदात, संबोधनात, देवाशी भांडण्याच्या सलगीत ठाण मांडून बसला आहे. इंग्रजी अनुवादात अभंगाची ही चाल उरत नाही, केवळ भाव उरतो, आणि नेमका तोच भाव इंग्रज वाचकाला आपल्या उपासनागीतांतून आधीच परिचित असतो. परिणामी टिळकांचे वेगळेपण दाखवण्यासाठी दिलेल्या कविताच त्यांना इतरांसारखे करून टाकतात. (सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स ओवीतच लिहिता झाला आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. तीन शतकांनंतरच्या त्याच्या देशबांधवाने मराठी ओवी-अभंगाविषयी इंग्रजीत लिहिले. या फरकात केवळ भाषेचा प्रश्न नाही.)

विन्स्लो यांच्यावर दोष ठेवून मराठी समीक्षेला मोकळे होता येणार नाही. इकडेही टिळकांची वाटणी झालीच. पाठ्यपुस्तकांनी 'फुलामुलांचे कवी' उचलला. 'अभंगांजली' आणि अपूर्ण 'ख्रिस्तायन' चर्चच्या हवाली केले. इंग्रजीत विशेषण मोठे झाले, मराठीत ते सोयीने गळले. दोन्हीकडे एकच कवी अर्धा वाचला गेला.

आणि मग १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' येऊ लागली. देवदत्त टिळक यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आईकडे आठवणी मागितल्या आणि त्या मागणीतून मराठीतील एक श्रेष्ठ आत्मकथन जन्मले. विन्स्लो यांच्यापाशी हे पुस्तक नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवताच काय हरवले ते दिसते. बाप्तिस्म्यानंतर पती-पत्नीत जी सुमारे पाच वर्षांची ताटातूट झाली, ती चरित्रात नायकाच्या कसोटीचा एक टप्पा आहे; लक्ष्मीबाईंच्या कथनात ती एका बाईची पंढरपुरातील वर्षे आहेत. तेथील टिळक संतापी, हट्टी, विसरभोळे आणि हातचे देऊन टाकणारे आहेत. त्यांच्या थोरवीची किंमत घरात कोण मोजत होते, हे कळते. गमतीची बाब अशी की, या पुस्तकाच्या १९५० मधील इंग्रजी अनुवादाला 'आय फॉलो आफ्टर' हे नाव मिळाले. त्याला बायबलचा आधार असेल. पण मुखपृष्ठावर पाहता निवेदिका पुन्हा मागून चालणारी झाली.

'ख्रिस्तायना'चा निकाल याहून बोलका आहे. टिळकांनी साडेदहा अध्याय लिहून ते सोडले. पुढचे सारे लक्ष्मीबाईंनी रचले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये, ग्रंथ प्रसिद्ध झाला. विन्स्लो यांच्या नायकाचे महाकाव्य, ज्या पत्नीला चरित्रात दुय्यम जागा होती, तिच्या ओवीने पुरे झाले आहे. त्या ग्रंथाची ओवी कोठे बदलते, टिळकांचे पंडिती संस्कार कोठे थांबतात आणि लक्ष्मीबाईंची बोली कोठे सुरू होते, याचे बारकाईने वाचन कोणत्याही चरित्रापेक्षा अधिक सांगून जाईल.